ऊब आणि ओल



या पानावर आपण भाताच्या तरव्यापासून म्हशीच्या कासदाहापर्यंत पुष्कळ विषय पाहिले. आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, फादरांना शेतीची कामे उरली नाहीत वाटते! विषय आहे शंखात राहणाऱ्या खेकड्याचा, आणि तोही काचेच्या पेटीत पाळलेल्या. पण जरा धीर धरा. ज्यांच्या परसात कोंबडीची पिल्ले आहेत, ज्यांच्या घरी थंडीत शेगडी पेटते, किंवा ज्यांची मुले परदेशी नोकरीला आहेत, अशांच्या उपयोगाचे यात बरेच काही आहे.

निमित्त दोन. पहिले माझ्या स्वतःच्या फजितीचे. दरवर्षी ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला आपल्या भागातून माणसे जुन्या गोव्याला जातात, काही तर पायी. गाडीने जाणारे परतताना पोरांना घटकाभर समुद्र दाखवतात. एका वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गातला एक मुलगा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत चार शंख घेऊन आला. शंख चालत होते. मी कौतुक केले आणि वर, थंडी आहे म्हणून बरणी उन्हाच्या खिडकीत ठेवायला सांगितली. तिसऱ्या दिवशी वर्गात बसवेना असा वास सुटला. मुलगा रडत म्हणाला, “फादर, पाणी होतं की, भात पण घातलेला.” मला उत्तर देता आले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, पण शंखातला खेकडा का मेला हे तिथे कोणी शिकवले नव्हते.

दुसरे निमित्त आमच्या चर्चमधल्या एका आजींचे. त्यांची मुलगी परिचारिका, अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात एका रुग्णालयात नोकरीला. आजी २०२३ च्या ऑक्टोबरात तिच्याकडे गेल्या आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये परतल्या. आल्यावर एके दिवशी चहाला बसल्या असताना म्हणाल्या, “फादर, माझ्या हातून एक जीव गेला बघा.” मी दचकलो. जीव खेकड्याचा होता. हे पापनिवेदनात सांगितलेले नाही, व्हरांड्यात सांगितले, आणि छापायला त्यांची परवानगी आहे, एवढे नमूद करून ठेवतो.

न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावर लाकडी फळ्यांचे लांबच लांब फिरण्याचे रस्ते आहेत. उन्हाळ्यात तिथे जत्राच असते. तिथल्या दुकानांत हे खेकडे तारेच्या छोट्या पिंजऱ्यासकट विकायला असतात, शंखांवर रंगीबेरंगी चित्रे काढलेली. पुष्कळदा पिंजऱ्याचे पैसे घेतात आणि खेकडा फुकट देतात. आजींच्या नऊ वर्षांच्या नातवाने त्या उन्हाळ्यात असे दोन घेतले होते, एक मोठा, एक लहान. गिऱ्हाइकाला वाटते हा याच किनाऱ्यावरचा प्राणी. तसे नाही. तो तिथून फार दूर दक्षिणेला, कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर आणि फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला राहणारा. तिथे बारा महिने उष्ण आणि दमट हवा. आपल्या कोकणातला पावसाळ्यानंतरचा उकाडा आठवा, तशी.

या प्राण्याची रचना समजली की पुढचे सगळे समजते. त्याचे पुढचे अंग खेकड्यासारखे कठीण, पण पाठीमागचे पोट मऊ, वळलेले आणि उघडे. म्हणून गोगलगायीचा रिकामा शंख शोधून तो त्यात पोट दडवतो, वाढला की मोठा शंख शोधतो. इंग्रजीत त्याला हर्मिट क्रॅब म्हणतात, म्हणजे एकांतवासी संन्यासी खेकडा. गंमत अशी की शास्त्रज्ञांनी जमिनीवर राहणाऱ्या या कुळाला नाव दिले आहे सिनोबिटा. सिनोबाइट म्हणजे मठात सर्वांबरोबर सामायिक जीवन जगणारा संन्यासी. आपल्या ख्रिस्तसभेत एकांतवासींचे आद्य पुरुष संत अंतोनी मठाधिपती, तर सामायिक मठजीवनाचे संत पाखोमियस, दोघेही इजिप्तचे. एकाच जिवाला एका भाषेत अंतोनीचा शिष्य केले आणि दुसरीत पाखोमियसचा! खरे पाखोमियसचेच. हे खेकडे निसर्गात घोळक्याने राहतात, एकटे ठेवलेले त्यांना मानवत नाही. असो.

मुख्य मुद्दा श्वासाचा. हा खेकडा जमिनीवर राहतो, पण श्वास घेतो कल्ल्यांनी, माशासारखाच. फरक इतका की त्याचे कल्ले हवेतला प्राणवायू घेऊ शकतात, मात्र ते सतत ओले असतील तरच. म्हणून तो शंखात थोडे पाणी बाळगून फिरतो. कल्ले सुकले की हवा भरपूर असूनही तो गुदमरतो. आणि हे मरण लगेच येत नाही. दिवसेंदिवस चालते, आणि पाहणाऱ्याला वाटते, प्राणी जरा सुस्त झाला आहे.

दुसरी गोष्ट, त्याच्या रक्ताला स्वतःची ऊब नाही. आपण थंडीत कुडकुडून अंग तापवतो. त्याला ते जमत नाही. बाहेर जेवढी ऊब तेवढीच आत. साधारण २४ ते २९ अंश सेल्सियस, अमेरिकन मापाने ७५ ते ८५ अंश फॅरनहाइट, ही त्याला मानवणारी ऊब. खाली गेली की तो खाणे-चालणे सोडतो, फार वर गेली तर आतून भाजल्यासारखा होतो आणि मग सावलीत आणूनही वाचत नाही.

आता आजींची हकीकत. नोव्हेंबर लागला, घरातली तापवण्याची यंत्रणा सुरू झाली. घर २० अंशांवर ठेवलेले, म्हणजे माणसाला स्वेटरात ठीक. खेकडे मात्र पिंजऱ्याच्या कोपऱ्यात निपचित. नातू शाळेतून आला की आधी पिंजऱ्यापाशी बसे. आजींनी उभ्या आयुष्यात शेकडो पिल्ले वाढवलेली. पिंजऱ्याकडे एकदा पाहून त्या म्हणाल्या, “ह्यांना गारठा लागलाय की. दिवा लावा.” जावयाने पाळीव सरड्या-कासवांसाठी विकतात तो उष्णता देणारा दिवा आणला. आजींनी तो पिंजऱ्यावर टांगला, पिल्लांसाठी पाहतात तसा हाताचा पालथा पंजा खाली धरून पाहिला. तापमापक ठेवला, तोही बरोबर जागी, खेकड्याच्या उंचीवर. पारा २८ अंश. सगळे शास्त्राप्रमाणे. दोन दिवस खेकडे खूप फिरले. नातू आनंदाने नाचला. तिसऱ्या दिवसापासून मोठा खेकडा शंखातून अर्धा बाहेर लोंबू लागला, आणि आठव्या दिवशी शंख सोडून उघडाच मरून पडलेला सापडला.

“ऊब तर बरोबर होती, फादर.” आजी मला दोनदा म्हणाल्या.

ऊब बरोबर होती, ओल गेली होती. ते दोन दिवसांचे फिरणे आनंदाचे नव्हते, पाण्याच्या शोधाचे होते. पिंजऱ्यात पाणी म्हणून ठेवलेला बोटभर स्पंजाचा तुकडा दिव्याखाली तासाभरात कोरडा होत असे.

हे त्यांना कसे उमगले ते ऐकण्यासारखे आहे. त्याच आठवड्यात आजींच्या नाकातून रक्त आले. ओठ फुटलेले, घसा कोरडा, रात्री खोकला. त्या घाबरल्या, रक्तदाब वाढला की काय. मुलगी परिचारिका, तिने रक्तदाब पाहिला, तो ठीक होता. ती म्हणाली, आई, ही तापवलेल्या घरातली कोरडी हवा. तिने खोलीत हवेत बाष्प सोडणारे यंत्र लावले, नाकाला आतून लावायला मलम दिले, आणि दोन दिवसांत आराम पडला. त्या रात्री अंथरुणावर आजींच्या मनात आले, मला नाक असून माझी ही गत, मग त्या बिचाऱ्याच्या कल्ल्यांचे काय झाले असेल?

यामागचे गणित सोपे आहे आणि आपल्याही घराला लागू आहे. हवा जितकी गरम तितके जास्त पाणी ती बाष्परूपाने पोटात घेते. शून्य अंशाची हवा पूर्ण भरली तरी एका घनमीटरमध्ये सुमारे ५ ग्रॅम पाणी मावते. २० अंशांच्या हवेत सुमारे १७ ग्रॅम, २७ अंशांच्या हवेत सुमारे २६. आता बाहेरची शून्य अंशाची हवा घरात आली आणि दिव्याखाली २७ अंशांपर्यंत तापली. पाणी तेवढेच, ५ ग्रॅम. जागा मात्र २६ ची. म्हणजे शंभरात वीस भागही ओल नाही. अशी तहानलेली हवा जिथे मिळेल तिथून पाणी ओढते, नाकातून, ओठांतून, कल्ल्यांतून. खेकड्याला हवी असते शंभरात ७५ ते ८५ भाग आर्द्रता. तापमान वाढवणारा माणूस पाणी न देता दिवाच तेवढा वाढवत गेला, तर तो जितका जास्त प्रेमाने वाढवेल तितक्या लवकर खेकडा मरेल.

उरलेल्या लहान खेकड्यासाठी मग घर कामाला लागले. मुलीच्या एका सहकारिणीकडे माशांची जुनी काचेची टाकी होती, दहा गॅलनची, म्हणजे आपल्या मापाने ३८ लिटर. तारेचा पिंजरा टाकून दिला, कारण जाळीत ओल कधीच टिकत नाही. टाकीवर काचेचे झाकण बसवले. तळाला सहा इंच जाड थर, पाच भाग बारीक वाळू आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुगा, तोच आपण रोपांसाठी वापरतो तो कोकोपीट. ओल किती? लहानपणी वाळूचे किल्ले करताना मुठीत दाबलेली वाळू जशी उभी राहते तितकी, तळाला पाणी साचेल इतकी नाही. पाण्याच्या दोन खोलगट ताटल्या, एक गोड्या पाण्याची, दुसरी समुद्राच्या पाण्याची. हे समुद्राचे पाणी माशांच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्री मिठाचे करावे लागते, स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्याला बाधते. आपल्याकडे पाणी उघडे ठेवून क्लोरीन घालवतात, पण अमेरिकेतल्या पुष्कळ शहरांत क्लोरॅमीन घालतात, ते नुसते ठेवून उडत नाही, त्यासाठी औषधाचे थेंब टाकावे लागतात. ताटल्यांत चढाउतारासाठी खडे ठेवावेत, नाहीतर हा समुद्राचा शेजारी ताटलीत बुडून मरतो. चित्रे नसलेले चार-पाच मोकळे शंखही ठेवले. रंगवलेल्या शंखाचा रंग खरवडला जाऊन पोटात जातो, म्हणून ते नकोत.

दिवा काढून टाकला. त्याऐवजी काचेला चिकटवायची उष्णता देणारी पट्टी आणली. इथे बहुतेक जण चुकतात. पट्टीच्या खोक्यावर ती टाकीखाली लावण्याचे चित्र असते, आणि सरड्यांसाठी ते ठीक असेल. पण हा खेकडा उकडले की खाली उकरून गारव्याला जातो. पट्टी खाली असली तर तो गारवा शोधत थेट तव्यावरच पोचतो, शिवाय तळाची वाळू सुकते. म्हणून पट्टी मागच्या काचेवर, वाळूच्या थराच्या वर लावावी, बाहेरून थर्माकोलचा तुकडा लावावा म्हणजे ऊब आतच राहते, आणि तापमान वाढले की आपोआप बंद करणारा थर्मोस्टॅट जोडावा. पट्टी एका बाजूला सरकवून लावली की टाकीचे एक टोक उबदार आणि दुसरे जरा गार राहते. मग खेकडा आपली जागा आपण निवडतो. तापमापकाशेजारी आर्द्रतामापक हवाच, आणि दोन्ही वाळूच्या जवळ. झाकणाला चिकटवलेला तापमापक झाकणाचे तापमान सांगतो, खेकड्याचे नव्हे. टाकी उन्हाच्या खिडकीत तर कधीच ठेवू नये. काचेची बंद पेटी उन्हात भट्टी होते, मग बाहेर बर्फ असला तरी. (माझी लोणच्याची बरणी आठवली ना?)

नव्या टाकीत पहिल्या दिवशी २६ अंश आणि ८० भाग आर्द्रता. काच आतून किंचित दमट. आठवड्याभरात लहान खेकडा खायला लागला, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर एका रात्री वाळूत उकरून दिसेनासा झाला.

एक आठवडा गेला, दोन गेले. जावई म्हणाले, मेला असेल, वाळू उपसून टाकू, घरात रोग नको. नातवाने आजीकडे पाहिले. आजींनी वाळूला नाक लावून पाहिले. मेलेला खेकडा कुजक्या मासळीसारखा वास मारतो, तसा वास नव्हता. त्या म्हणाल्या, “खुडूक कोंबडीला अंड्यांवरनं उठवून बघतंय काय कोण? राहू दे त्याला.” त्यांना त्याचे शास्त्र माहीत नव्हते, पण निर्णय अचूक होता. खेकडा वाढतो तो कात टाकून. जुने कवच सोडल्यावर नवे कवच घट्ट होईपर्यंत तो अगदी मऊ असतो, म्हणून त्या काळात ओल्या वाळूत बिळ करून बसतो. लहानाला काही आठवडे, मोठ्याला दोन महिने किंवा अधिकही लागतात. टाकलेले कवच तो खाऊन टाकतो, त्यातला चुना नव्या कवचाला उपयोगी पडतो. या अवस्थेत कोणी काळजीने उकरून पाहिले तर बिळ ढासळते आणि जिवंत खेकडा त्या काळजीनेच मरतो. किती घरांत तो असा “मेला” म्हणून जिवंतपणी कचऱ्यात गेला असेल, देव जाणे.

तो सहाव्या आठवड्यात रात्री वर आला, रंगाने उजळ आणि थोडा मोठा. ती २०२४ च्या पास्काच्या आठवड्यातली रात्र होती. यावर मी प्रवचन करीन अशी आजींची खात्री होती. मी मोह आवरला.

आता आपल्या परसात येऊ. आजी चुकल्या त्या अज्ञानाने नव्हे, दुसऱ्या प्राण्याच्या ज्ञानाने. पिल्लाला लागते ती कोरडी ऊब. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत २१ पर्यंत आणायची. खाली भाताच्या तुसाची गादी, दोन-तीन इंच, आणि ती कोरडीच हवी. गादी ओली झाली की अमोनियाचा उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात, आणि कॉक्सिडिओसिसची रक्ती हगवण पसरते. पाण्याचे भांडे सांडते तिथली गादी रोज बदला. म्हणजे जी ओल खेकड्याला श्वास देते तीच पिल्लांना मारते.

पिल्ले पाळण्यात एक सोय आहे, ती बोलतात. दिव्याखाली एकमेकांवर ढीग करून चिवचिवाट करत असतील तर गारठली आहेत, दिवा खाली घ्या. दिव्यापासून लांब कडेला चोच वासून पंख सोडून बसली तर उकडते आहे, दिवा वर घ्या. सगळी एकाच कोपऱ्यात गेली तर दुसऱ्या बाजूने वारा लागतो आहे. सगळीकडे पसरून निवांत खात-झोपत असतील तर तापमापक न पाहताही झोपायला जा. खेकडा असे काही सांगत नाही. म्हणून त्याच्याजवळ यंत्र लागते, आणि ते दोन लागतात.

बेळगाव-खानापूरकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा चौदा-पंधरा अंशांवर उतरतो, जंगलालगतच्या वाड्यांत त्याहीखाली. पहाटे चार वाजता पिल्ले मरतात ती याच थंडीने. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. एका घरी एलईडीखाली चाळीस पिल्ले ठेवलेली मी पाहिली. उजेड लखलखीत, पिल्ले निम्मी मेलेली. जुना तारेचा बल्ब मिळाला तर पिल्लामागे दोन वॅट असा हिशेब धरा, नाहीतर पिल्लांसाठीचा इन्फ्रारेड दिवा घ्या. तो दोरीने नव्हे, साखळीने टांगा. तुसावर पडला तर गोठ्यासकट घर जाते.

आणि वीज नसली म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, पिल्लांसाठीही नाही आणि बाळंतिणीसाठी तर मुळीच नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूरही नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. शेगडी पेटवायचीच तर दार-खिडकी उघडी ठेवून, आणि निजण्यापूर्वी ती बाहेर. ऊब कमी पडली तर पांघरूण वाढवा, बाळाला आईच्या अंगाशी धरा.

राहिला माझ्या वर्गातला मुलगा. त्याचे ते चार शंख ओहोटीच्या खळग्यांतून उचललेले होते. ते समुद्री जातीचे, जमिनीवरचे नव्हेत. त्यांना सतत ताजे, हालते, खारे पाणी लागते. बरणीतल्या तांब्याभर पाण्यातला प्राणवायू संपतो, उन्हात पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू आणखीच कमी राहतो. वर भात कुजला. त्या पोराची चूक काहीच नव्हती, खिडकी मी सांगितली. पुढच्या वर्षी सणाहून परतताना पोरांना हे खेकडे खळग्यात बसून पाहू द्या, हवे तर तळहातावर घेऊन, आणि तिथेच सोडायला लावा. रिकामे शंखही पिशव्या भरून आणू नका. आपल्या कपाटातला शंख म्हणजे तिथल्या कोणाचे तरी घर.

पाळावे की नाही, असे मला कोणी विचारले तर मी नाही म्हणेन. हे खेकडे पेटीत वाढवलेले नसतात. त्यांची अंडी समुद्रात सोडली जातात, पिल्ले लाटांत वाढतात, घरात त्यांची पैदास होणे फार कठीण. दुकानातला जवळजवळ प्रत्येक खेकडा रानातून उचललेला. तिथे तो तीस वर्षांहून अधिकही जगू शकतो, पिंजऱ्यात बहुधा काही महिने. पण आपल्या नातवंडांनी परदेशी तो आधीच घेतला असेल, तर दया म्हणून जवळच्या थंड किनाऱ्यावर नेऊन सोडू नका. तो तिथला नव्हे, पहिल्याच थंडीत मरेल. त्याला नीट सांभाळणे हेच उरते. टाकीत हात घालून झाल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत, हे वेगळे सांगायला नको.

आजींचा नातू आता दर रविवारी फोनवर आधी दोन आकडे सांगतो, मग आजीची तब्येत विचारतो. गेल्या रविवारी २६ आणि ८१ होते. खेकडा पुन्हा वाळूत गेला आहे. टाकीवर त्याने आईकडून मराठीत लिहवून घेतलेली चिठ्ठी चिकटवली आहे: उकरू नये.